आधी निदान, मग सामान

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

सुरत म्हटले की आपल्याकडच्या माणसाला १६६४ साल आठवते, शिवछत्रपतींची स्वारी आठवते. मला मात्र गेल्या उन्हाळी सुट्टीपासून सुरत म्हटले की एका जुन्या जीपचे डावीकडचे पुढचे चाक आठवते. वाचकहो, हसू नका. बी. कॉम.च्या तीन वर्षांत जे मला नीटसे उमगले नव्हते, ते त्या चाकाने दोन तासांत शिकवले, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे थोरले मामा हजिऱ्याच्या एका ठेकेदाराकडे गाड्यांची देखभाल पाहतात आणि सुरत-हजिरा रस्त्यावरील इच्छापोर येथे भाड्याच्या खोलीत राहतात. एके काळचे हे तापीकाठचे साधे गाव आज कारखान्यांच्या वाटेवरचे ठिकाण झाले आहे. पुढे कवास, मोरा, हजिरा. दिवसरात्र टँकर आणि ट्रेलर यांची रीघ. मुख्य रस्ता सोडला की मात्र खाडीचा चिखल, खाजण आणि समुद्राकडे सुवालीची रेती. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज आरमारांची लढाई जिथे झाली तोच हा किनारा. खंबातच्या आखातातली भरती मोठी. पाणी ओसरले की मैलभर चिखल उघडा पडतो. अशा जागी मोजणीची माणसे नेण्यास साधी मोटार चालत नाही. त्यासाठी मामांच्या ताब्यात एक जुनी, चारही चाकांना जोर देता येणारी जीप होती.

एका संध्याकाळी सुवालीकडून परतताना अरुंद रस्त्यावर एक म्हैस आडवी आली. मामांनी ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण गाडी सरळ थांबण्याऐवजी उजवीकडे खेचली गेली, आणि उजवीकडून समोर टँकर येत होता. टँकरवाल्याने गाडी रस्त्याखाली घातली म्हणून आज मी हे लिहितो आहे. मामा पाच मिनिटे काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "अरे, परवाच तर नऊ हजार घालून ब्रेक केले होते."

हे नऊ हजारांचे बिल मी रात्री मागून घेतले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कागद दिसला की बेरीज केल्यावाचून राहवत नाही. चारही चाकांचे लायनर २,४०० रुपये, पुढचे दोन व्हील सिलिंडर १,३०० रुपये, मास्टर सिलिंडर ३,२०० रुपये, ब्रेक ऑईल ४०० रुपये, मजुरी १,८०० रुपये. एकूण ९,१००. बेरीज बरोबर होती, सामानही नवे होते. चुकीचे होते ते एवढेच की दुखणे जिथल्या तिथे होते. मूळ तक्रार होती, "ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते आणि डावे चाक तापते." त्या तक्रारीचे काय झाले, याचा बिलात कोठेही उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांनी जीप अगदी सावकाश, पहिल्या गियरमध्ये, जवळच्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये नेली. तिथले मिस्त्री मूळचे खानदेशातले, वय साठीच्या घरातले. मामांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "काका, यात आता काय काय बदलायचे?" मिस्त्री म्हणाले, "आधी गाडीला विचारू, मग दुकानात जाऊ."

त्यांनी जे केले ते क्रमाने सांगतो. प्रथम त्यांनी पुढच्या दोन्ही टायरांतील हवा मोजली. रेतीत जाताना हवा कमी करण्याची वहिवाट आहे. परतल्यावर एका टायरात कमी आणि दुसऱ्यात जास्त राहिली तरी गाडी एका बाजूस ओढते आणि दोष ब्रेकवर येतो. हवा सारखी होती. मग पाट्यांचे यू-बोल्ट ढिले आहेत का ते पाहिले. ते घट्ट होते. मग फोर-व्हीलचा दांडा सोडवून गाडी दोन चाकांवर आणली, कारण पुढची-मागची चाके एकमेकांत गुंतलेली असली तर कोणते चाक अडते आहे ते कळत नाही. गाडी जॅकवर घेण्यापूर्वी मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो, तो गियरपेटीमागच्या दांड्यावर असतो. मागचे एक चाक उचलले की तो असून नसल्यासारखा होतो. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे जीपखाली माणूस चिरडू शकतो.

पुढची दोन्ही चाके उचलून त्यांनी मला आत बसवले. "दाब. सोड." उजवे चाक हाताने फिरवले, सहज फिरले. डावे फिरेना. आता इथे दोन शक्यता होत्या. एक म्हणजे ड्रमच्या आत काहीतरी अडकले आहे, स्प्रिंग तुटली आहे किंवा शू गंजले आहेत. दुसरी म्हणजे मी पाय उचलला तरी तेलाचा दाब मागे परतत नाही. कोणती खरी? त्यांनी एक छोटा पाना घेतला आणि चेसिसवर जिथे लोखंडी नळी संपून रबरी होज पाईप सुरू होतो, तो जोड किंचित सैल केला. दोन थेंब आले. चाक तसेच जाम. जोड पुन्हा आवळला. मग चाकाजवळचे निपल सैल केले. तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळे झाले!

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. "कळले?" मला कळले होते. जोडापर्यंत दाब नव्हता, चाकाजवळ दाब होता. म्हणजे वाट मधेच बंद होती. मधे काय होते? फूटभर लांबीचा रबरी होज, बाहेरून दिसायला अगदी ठणठणीत. तो आतून सुजला होता. ब्रेक दाबताना तेल डाव्या चाकाला उशिरा पोचे, म्हणून उजवे चाक आधी धरी आणि गाडी उजवीकडे जाई. पाय उचलल्यावर तेच तेल परत येईना, म्हणून डावे चाक घासत राही आणि तापे. दोन तक्रारी, पण कारण एकच. "हवा काढताना या चाकाचे तेल थेंब थेंब येत असणार," ते म्हणाले, "त्याच वेळी कळायला हवे होते." त्यांनी पुढचे दोन्ही होज बदलले, कारण दोन्ही एकाच वयाचे होते. मग सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली, आणि आधी मोकळ्या मैदानात सावकाश, मग थोड्या वेगाने गाडी थांबवून पाहिली. गाडी नाकासमोर थांबली.

मित्रहो, आपण हिशेबनीस होऊ पाहणारी मंडळी. तेरीज जुळली नाही तर आपण काय करतो? खतावणी फाडून नवी आणतो काय? फरकाची रक्कम उचंत खात्यात ठेवतो आणि एकेक नोंद तपासत मागे जातो. अर्धी पाने बरोबर ठरली की चूक उरलेल्या अर्ध्यात आहे हे कळते. मिस्त्रींनी याहून निराळे काय केले? आणि पहिल्या गॅरेजने काय केले? तेरीज जुळेना म्हणून खतावणी, रोजकीर्द आणि शाईची दौत, तिन्ही नवी घेतली!

आता या गोष्टीचा दुसरा अंक सांगतो, आणि तो सांगताना मला लाज वाटते. मिस्त्रींचा हिशेब असा झाला: दोन होज ७६० रुपये, ब्रेक ऑईल २२० रुपये, मजुरी २०० रुपये. मामा चटकन म्हणाले, "काका, दोन नळ्या बसवायला दोनशे? दीडशे घ्या." मिस्त्री हसले आणि दीडशे घेतले. माझे मामा मनाने कंजूष नाहीत. नऊ हजारांच्या बिलावर मात्र त्यांनी एका रुपयाची घासाघीस केली नव्हती, कारण तिथे सामान डोळ्यांना दिसत होते. पुठ्ठ्याची खोकी होती, चकाकणारा सिलिंडर होता. इथे दोन तास डोके चालले होते, आणि डोके चाललेले बिलावर दिसत नाही.

माझे म्हणणे एवढ्यासाठीच आहे. आपल्याकडे गाडीच्या दुरुस्तीच्या बिलात दोन रकाने असतात, सामान आणि मजुरी. दोष शोधण्याचा रकानाच नाही. परिणाम काय होतो? जो मिस्त्री दोन तास विचार करून थोडक्या खर्चाचा दोष सापडवतो तो उपाशी राहतो. जो विचार न करता नऊ हजारांचे सामान घालतो त्याला सामानावरचा नफाही मिळतो आणि भरगच्च मजुरीही मिळते. आपण ज्या गोष्टीचे पैसे देतो तीच बाजारात वाढते, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा. आपण सामानाचे पैसे देतो, म्हणून सामान बदलले जाते. निदानाचे देत नाही, म्हणून निदान होत नाही. मग दोष केवळ गॅरेजवाल्यांना का द्यावा? त्यांना तसे वागावयास आपणच शिकवले आहे.

अर्थशास्त्रात या दुखण्याला नाव आहे. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अशा सेवांचा विचार मांडला, ज्यांचा दर्जा ग्राहकाला घेण्यापूर्वी तर नाहीच, पण घेतल्यानंतरही नीट पारखता येत नाही. त्यात केवळ विश्वासावर चालावे लागते. शोधणारा आणि विकणारा एकच असला की ही अडचण दुणावते. डॉक्टर तपासणीची फी घेतो आणि औषध बहुधा दुकानातून आणावयास सांगतो. वकील सल्ल्याची फी घेतो. लेखापरीक्षकाला तर केवळ तपासण्याचेच पैसे मिळतात. मग ज्याच्या तपासणीवर रस्त्यावरचे जीव अवलंबून, त्या मिस्त्रीची तपासणी फुकट का?

कोणी म्हणेल, ब्रेकच्या बाबतीत शंकाच नको, सगळे नवे घाला म्हणजे झाले. ऐकावयास हे सुरक्षित वाटते. जे झिजले ते बदललेच पाहिजे, आणि एका बाजूचे लायनर बदलले तर दुसऱ्या बाजूचेही बदलले पाहिजेत, हेही खरे. परंतु आमच्या जीपमध्ये सगळे नवे होते, आणि तीच जीप टँकरसमोर गेली. नव्या सामानाने मामांच्या मनातला संशय गेला, दोष गेला नाही. संशय गेलेला दोष हा सर्वांत वाईट, कारण मग माणूस बेधडक वेग घेतो.

दुसरा आक्षेप असा की तपासणीची फी घेऊन मिस्त्री काहीच सापडले नाही म्हणेल, मग? डॉक्टरच्या बाबतीत हा धोका आपण पत्करतोच की. शिवाय फी दिली की आपल्याला विचारण्याचा हक्क येतो: काय पाहिले, काय बरोबर निघाले, काय बिघडलेले सापडले? एवढी तीन उत्तरे बिलावर लिहून मागितली तरी निम्मे काम झाले. जुना भाग परत मागावा, तोही आपलाच असतो. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही सेवा आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत सेवा येते, हे आपण वर्गात शिकतो; पण गॅरेजच्या दारात विसरतो.

तिसरा आक्षेप आजकालचा आहे. २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना ए.बी.एस. सक्तीचे झाले, आता स्कॅनर लावला की दोष कळतो, मिस्त्रीचे डोके कशाला? स्कॅनर सांगतो की अमुक चाकाच्या सेन्सरकडून खबर येत नाही. ती का येत नाही हे तो सांगत नाही. सेन्सर जळला, वायर दगडाला लागून तुटली, की चिखलाचा गोळा बसला? जो हे न पाहता सेन्सर बदलतो, तो आमच्या पहिल्या गॅरेजचाच धाकटा भाऊ.

मालकाचेही एक कर्तव्य आहे. डॉक्टरकडे जाऊन आपण "मला अमुक इंजेक्शन द्या" असे म्हणत नाही, दुखणे सांगतो. गाडीचेही तसेच करावे. "मास्टर सिलिंडर बदला" असे सांगू नये, गाडी काय करते ते सांगावे. पॅडल स्पंजासारखे मऊ लागते? नळ्यांत हवा असण्याचा संभव. पहिल्या दाबात फार खाली जाते, पण दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन टणक होते? शू आणि ड्रम यांतले अंतर वाढले असावे. पाय स्थिर ठेवला असता पॅडल हळूहळू बुडत जाते आणि बाहेर कोठे गळती नाही? मास्टर सिलिंडरच्या आतले रबर तेल धरत नसावे. पॅडल दगडासारखे कडक, पण गाडी थांबत नाही? जिला व्हॅक्यूम बूस्टर आहे अशा गाडीत इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पॅडल किंचित खाली गेले तर बूस्टर चालतो आहे, न गेले तर तिथे शोध घ्यावा. ओढ्यातून गेल्याबरोबर ब्रेक धरत नाही? ड्रममध्ये पाणी शिरले आहे. सावकाश चालवत हलका ब्रेक लावून ते सुकवावे. ही दुरुस्ती नव्हे, ही केवळ नीट सांगितलेली तक्रार आहे. पण नीट सांगितलेली तक्रार म्हणजे अर्धे निदान.

तुम्ही म्हणाल, सुरतेच्या चिखलाशी आमचा काय संबंध? आपल्या सीमाभागातील किती गावे अजून वडापच्या जीपवर चालतात ते आठवा. चोर्ला आणि आंबोली हे घाट आपण किती वेळा उतरतो ते आठवा. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते. साधे डॉट ३ जातीचे नवे तेल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये असे मानक आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. पावसाळ्यात, भरल्या जीपने, वरच्या गियरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला की तापलेले तेल उकळून नळीत वाफ होते, आणि वाफ पायाखाली दबून जाते. पॅडल थेट फळीला टेकते. त्या वेळी जीपमध्ये आपल्यापैकीच कोणाची तरी आई बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते. तेल शेवटी कधी बदलले हे ड्रायव्हरला विचारणारा एक तरी प्रवासी आपण पाहिला आहे काय?

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना एक म्हण ठाऊक आहे, मराठी वाचकांसाठी ती इथे देतो: "कै केसरादरे बायी मोसरु." हाताला चिखल लागला, तर तोंडाला दही मिळते. कष्टाचे फळ मिळतेच, असा तिचा अर्थ. त्या मिस्त्रींच्या हातांना खाडीचा चिखल कोपरापर्यंत लागला होता. दही मात्र दुसरीकडेच गेले. म्हण खोटी पडू द्यावयाची नसेल, तर दही कोणाच्या पानात वाढावयाचे हे आपण, पैसे देणाऱ्यांनी, ठरवले पाहिजे.

आता शेवटचे. त्या रात्री मी मामांना ९,१०० आणि १,१३० हे दोन आकडे एकाखाली एक लिहून दाखवले. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी मात्र स्वतःच शेडवर गेले आणि मिस्त्रींच्या हातात तीनशे रुपये ठेवून म्हणाले, "परवाच्या तपासणीचे." मिस्त्री घेईनात, मग पावती करून दिली तर घेतो म्हणाले. पावतीवर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले, "ब्रेक तपासणी, रु. ३००."

मामांनी ती पावती ठेकेदाराच्या कचेरीत दिली. तिथल्या हिशेबनिसाने ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "तपासणी म्हणजे कोणते सामान?" मामा म्हणाले, "सामान नाही." "मग कोणत्या खात्यात घालू?" खाते सापडले नाही. पावती परत आली, आणि तीनशे रुपये मामांच्या खिशातून गेले. पहिल्या गॅरेजचे ९,१०० मात्र विनातक्रार मंजूर झाले होते, कारण त्याला खाते होते.

मित्रहो, उद्या त्या हिशेबनिसाच्या खुर्चीवर आपल्यापैकीच कोणीतरी बसणार आहे. त्या दिवशी अशी एखादी पावती समोर आली, तर खतावणीत एक नवे पान उघडा आणि वर लिहा: तपासणी खाते.